'आय'पुढं 'विल' चालतं
आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत पोरांकडून इंग्रजी भविष्यकाळाचा नियम अजूनही घोकून घेतात: 'आय' आणि 'वुई' आले की 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. 'आय विल गो' लिहिलं की लाल रेघ. ही रेघ चुकीची आहे. तिच्यामुळं पोरं इंग्रजी बोलायलाच भितात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानं १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात मांडला. खुद्द इंग्रजांनी तो सरसकट कधी पाळला नाही. आज 'आय विल सेल द कॉटन टुमॉरो' हेच सहज इंग्रजी आहे.

'शॅल'चा मूळ अर्थ देणं लागणं, 'विल'चा इच्छा असणं. म्हणून कायद्यात 'शॅल' बंधन सांगतो. राज्यघटनेचं कलम ५२ बघा: 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया'. तिथं 'आय' कुठं आहे?

बोलण्यात 'शॅल' उरला तो मुख्यतः विचारण्यापुरता. 'शॅल आय लिफ्ट द बंडल?' म्हणजे 'कापसाचं गाठोडं उचलू का?' इथं मात्र 'विल' टाकला, तर 'मी उचलीन का?' असं होतं.