'पाणीदार': लोहाराच्या भट्टीतून आलेलं विशेषण

नागपूरकर भोसल्यांचे सरदार पहिले रघुजी यांची तलवार २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावात विकत घेतली, तेव्हा नागपुरात महाल भागातल्या गप्पांत 'पाणीदार' हा शब्द बऱ्याच दिवसांनी कानावर आला. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, तलवारीत कुठचं पाणी रायते?"

हे पाणी लोहाराचं. लाल तापलेलं पातं एकदम पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं. त्याला म्हणतात 'पाणी देणं'. ते चुकलं तर पातं ठिसूळ होतं आणि घावासरशी तुटतं. दिलंच नाही तर धार लगेच मरते. म्हणून नुसत्या बेडर माणसाला हा शब्द शोभत नाही. तापून, बुडून, न तुटता जो धार राखतो तो पाणीदार. कुणाचं 'पाणी जोखणं' किंवा कुणाला आपलं 'पाणी दाखवणं' हे त्याच घरचं.

फारसीत 'आब' म्हणजे पाणीही आणि चकाकीही. तलवार 'आबदार', मोती 'आबदार'. आपली 'अब्रू'सुद्धा मुळात आब-रू, चेहऱ्याचं तेज. मराठीने पाणी स्वतःचं ठेवलं आणि 'दार' फारसीकडून घेतलं. गंमत म्हणजे रघुजींच्या तलवारीचीही तीच तऱ्हा: पातं युरोपी, आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'.

मोती, डोळे, घोडा, बैल, माणूस, सगळ्यांना हे विशेषण चालायचं. 'बाणेदार' बहुतेक उत्तरापुरतं उरलं. 'तडफदार' तर आता प्रत्येक इच्छुकाच्या फ्लेक्सवर असतं, त्यामुळे त्याची धार गेलीच. 'पाणीदार'ला जिंकण्याची अटही नव्हती. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपुरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरल्यावरही भोसल्यांचे अरब शिपाई डिसेंबरात शहर धरून लढत राहिले. त्यांना दुसरा कोणता शब्द लावणार?

अलीकडे हा शब्द जलसंधारणवाल्यांनी उचलला. शेततळी, बंधारे झाले की गाव 'पाणीदार' होतं. त्या पोराने हाच अर्थ ऐकलेला, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच होता. मी त्याला विळ्याचं उदाहरण दिलं. त्याच्या आजोबांनी विळ्याला पाणी देऊन आणलेलं त्याने लहानपणी पाहिलं होतं. फक्त त्या पाण्याचा माणसाशी संबंध त्याला कुणी सांगितला नव्हता.