ग्रंथारंभाची शोधसूत्रे (मराठी शब्दकोडे)

मराठी शब्दकोड्यातला शोधसूत्रांचा एक प्रकार. यात एखाद्या ग्रंथाचे पहिले शब्द विचारतात, सुरुवातीच्या मजकुराचे नाव विचारतात किंवा धर्मग्रंथाचे नाव विचारतात. ‘गीतेचा आरंभ (४)’, ‘पुस्तकाआधीचे लेखन (४)’, ‘धर्मग्रंथ (३)’ ही त्याची साधी रूपे. कंसातला आकडा चौकोनांचा असतो.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले. त्याच्या प्रत्येक चौकोनात एकेक रोमन वर्ण होता. मराठीत मात्र चौकोनात अख्खे अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग आणि जोडाक्षर यांना वेगळी जागा मिळत नाही. त्यामुळे ‘धर्मक्षेत्रे’ हा शब्द ध, र्म, क्षे, त्रे अशा चार घरांत मावतो. इंग्रजी गूढ कोड्यांत, म्हणजे शब्दखेळात उत्तर दडवणाऱ्या कोड्यांत, ‘धर्मग्रंथ’ म्हटले की बहुधा जुन्या कराराची (ओल्ड टेस्टामेंट) ‘ओ’ आणि ‘टी’ ही दोन आद्याक्षरे शब्दाच्या पोटात घालतात. अक्षरांच्या चौकोनांत ही युक्ती चालत नाही, म्हणून मराठी सोडवणाऱ्याला आद्याक्षरांपेक्षा ग्रंथच ठाऊक असावा लागतो.

सुरुवातीच्या मजकुराला मराठीत शब्दांची वाण नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्रस्तावना, उपोद्घात, प्राक्कथन, मनोगत, ‘दोन शब्द’ हे सगळे चार घरांचे. त्यातच राज्यघटनेची ‘उद्देशिका’ही चारच घरांची. सूत्रात ‘घटनेची’ असे आले तरच ती वेगळी काढता येते. नुसत्या ‘पुस्तकाआधीचे लेखन’वरून मनात आलेला पहिला शब्द पेनाने लिहू नये, उभा शब्द आधी भरावा. नाटकाचे नाव आले की ‘नांदी’ (२), पोथीचे आले की ‘मंगलाचरण’ (६), आणि सूत्रग्रंथाचे आले की बहुतेक वेळा ‘अथ’ (२). ब्रह्मसूत्रे ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’ने सुरू होतात, जैमिनींची मीमांसासूत्रे ‘अथातो धर्मजिज्ञासा’ने, तर पतंजलींची योगसूत्रे ‘अथ योगानुशासनम्’ने. पाणिनींनी मात्र अष्टाध्यायी ‘वृद्धिरादैच्’ने उघडली आहे.

‘धर्मग्रंथ (३)’ या सूत्राला ‘पुराण’ आणि ‘कुराण’ ही दोन्ही उत्तरे बसतात. दोहोंत फरक फक्त पहिल्या घराचा, त्यामुळे तिथून उभा शब्द जात नसेल तर कोडे सुटतच नाही. ‘आगम’ आणि ‘निगम’ यांचेही तसेच. कोडे रचणाऱ्याने अशी जागा उघडी ठेवणे हा माझ्या मते सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. बक्षिसाच्या कोड्यांत तर तो पैशाचा प्रश्न होता. तिथे दोन चपखल उत्तरांपैकी आयोजकाच्या बंद पाकिटातले एकच खरे ठरे, आणि मग ज्ञानाऐवजी नशिबाचा खेळ उरे. अशा बक्षीस स्पर्धांवर १९५५ मध्ये केंद्राने कायदा करून महिन्याला एकूण हजार रुपयांच्या बक्षिसांची मर्यादा घातली. हा कायदा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात दिला.

खरी गंमत पहिल्या शब्दात आहे, कारण ग्रंथाला आरंभ एकच असतो असे नाही. गीतेचा श्लोक ‘धर्मक्षेत्रे’ने सुरू होतो, पण त्याच्या आधी ‘धृतराष्ट्र उवाच’ आहे. आणि ‘धृतराष्ट्र’ हाही चार घरांचाच शब्द! सूत्रात ‘श्लोकाचा आरंभ’ आहे की ‘पहिला वक्ता’, हे डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. कुराणाचा पहिला शब्द ‘बिस्मिल्ला’ (३), पण परंपरेनुसार सर्वांत आधी अवतरलेला शब्द ‘इक्रा’ (२), आणि तो शहाण्णवाव्या सुरेत, म्हणजे अध्यायात आहे. ज्ञानेश्वरी ‘ॐ नमो जी आद्या’ने उघडते. पसायदानाचा पहिला शब्द ‘आता’, पण हे ग्रंथाच्या आरंभी नाही, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. लहानपणापासून ते स्वतंत्र प्रार्थना म्हणून म्हटल्यामुळे इथे अनेकांची गफलत होते. अमृतानुभवात आधी ‘यदक्षरमनाख्येयम्’ हे संस्कृत श्लोक आहेत आणि मराठी ओवी नंतर ‘ऐसीं इयें निरुपाधिकें’ अशी येते. म्हणून ‘अमृतानुभवाची पहिली ओवी’ आणि ‘अमृतानुभवाचा आरंभ’ ही दोन वेगळी सूत्रे आहेत. दासबोध ‘श्रोते’ने (२) आणि मनाचे श्लोक ‘गणाधीश’ने (४) सुरू होतात. तिथे वादाला जागाच नाही.

पहिल्या शब्दांवरून ग्रंथ ओळखण्याची रीत कोड्यांहून फार जुनी. वैदिक वाङ्मयात संपूर्ण मंत्राऐवजी त्याचे सुरुवातीचे शब्दच उद्धृत करतात, त्याला ‘प्रतीक’ म्हणतात. ईश आणि केन या उपनिषदांना तर नावेच पहिल्या शब्दांवरून पडली आहेत. चार वेदांची प्रतीके ब्रह्मयज्ञात, म्हणजे वेदपठणाच्या नित्यकर्मात, रोज म्हटली जातात: ऋग्वेदाचे ‘अग्निमीळे’ (४), यजुर्वेदाचे ‘इषे त्वोर्जे त्वा’ (५), सामवेदाचे ‘अग्न आ याहि’ (५), अथर्ववेदाचे ‘शं नो देवी’ (४). शेवटचे कोड्यात आले तर सावध राहावे. शौनक शाखेची अथर्वसंहिता ‘ये त्रिषप्ताः’ने (४) सुरू होते, ‘शं नो देवी’ हा आरंभ पैप्पलाद शाखेचा. पाणिनींच्या व्याकरणावरील महाभाष्यात पतंजलींनीही हाच मंत्र अथर्ववेदाचे प्रतीक म्हणून घेतला आहे. घरे दोन्हींना चारच, म्हणून छेदणारे अक्षर पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही.

हीच रीत ‘तोरा’ या यहुदी धर्मग्रंथातही आहे. त्याच्या पहिल्या पुस्तकाचे हिब्रू नाव ‘बेरेशीत’ हा त्याचा पहिलाच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये तो ‘प्रारंभी’ (३) असा येतो, आणि योहानाचे शुभवर्तमानही ‘प्रारंभी’नेच उघडते. त्यामुळे सूत्रात कोणते पुस्तक आहे याने उत्तर बदलत नाही. गोव्यातल्या रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मात्र ‘ॐ नमो विश्वभरिता’ असे सुरू होते. रोमन लिपीत छापलेल्या या ख्रिस्ती पुराणाने ज्ञानेश्वरीचाच उंबरठा वापरला, आणि दोन्हींची पहिली तीन घरे अक्षरशः एक आहेत. मराठी कोड्यासाठी याहून सुंदर जागा मला ठाऊक नाही.

लेखनाचे दोन नियम हाताशी असलेले बरे. मराठीत एकटा शब्द ‘श्रुती’, ‘स्मृती’ असा दीर्घान्त लिहितात, पण समासात ‘श्रुतिप्रामाण्य’ असा ऱ्हस्व होतो, तेव्हा छेदणारे घर ‘ति’ आहे की ‘ती’ हे आधी ठरवावे. संस्कृत प्रतीकाच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर असेल तर त्याला स्वतंत्र घर द्यावे लागते. ‘ईशावास्यम्’ची घरे पाच, ‘ईशावास्य’ची चार. ‘ॐ’ एका घरात बसतो, आणि ‘ओम्’ लिहायचे ठरवले की दोन घरे लागतात.