एकच लेन्स असलेला छोटा कॅमेरा घेण्याआधी

रिको जीआर किंवा फुजीफिल्म एक्स100 मालिकेतला कॅमेरा हातात घेतला की पहिला प्रश्न येतो, झूम किती? यांना झूम नाही आणि लेन्स बदलताही येत नाही. जवळचा फोटो हवा तर स्वतः पुढे सरकायचं.

शिवाजी पार्कवर मुलाची मॅच, शिवडीचे फ्लेमिंगो, गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून स्टेज, हेच तुमचे मुख्य फोटो असतील तर हा कॅमेरा घेऊ नका. आमच्या दुकानात आम्हीच तुम्हाला झूमवाला दाखवू.

दादरचं फूल मार्केट, गणपतीतलं लालबाग किंवा घरातलं बारसं असेल, तर मात्र याच्यासारखा सोबती नाही. शटरचा आवाज जवळजवळ होत नाही, त्यामुळे समोरची माणसं अवघडत नाहीत.

जीआर III चा कोन 28 मिमीचा (आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य मावतं). मुंबईतल्या छोट्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहिलं तरी सगळं कुटुंब मावतं. बॅटरी-कार्डासकट वजन 257 ग्रॅम, शर्टाच्या खिशात राहतो. पण त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही आणि भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. 2024 मध्ये आलेल्या एक्स100 VI ला व्ह्यूफाइंडर आहे, कोन 35 मिमीचा, वजन 521 ग्रॅम. त्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) 40 मेगापिक्सेलचा असल्याने कडा कापून 50 मिमीइतकं क्रॉप केलं तरी सुमारे 20 मेगापिक्सेल उरतात.

घरी 18-55 मिमी झूम लेन्सचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) असेल तर आधी हे नक्की करून पाहा: झूमची रिंग 18 वर चिकटपट्टीने पक्की करा आणि आठवडाभर तसेच फोटो काढा. अशा डीएसएलआरच्या लहान सेन्सरमुळे 18 वर साधारण 28 मिमीच्या कोनाचा अंदाज येईल. 23-24 वर ठेवलीत तर 35 चा. चिडचिड झाली तर पैसे वाचले.

पावसाळ्याचं आधीच सांगतो. जीआर III पाण्यापासून सुरक्षित नाही. एक्स100 VI ला अ‍ॅडॉप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावरच पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळतं. सेन्सरवर धूळ गेली तर ती घरी पुसता येत नाही, सर्व्हिसला कॅमेरा उघडावा लागतो. बंद कपाटात, चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला.

दुकानात येताना जुन्या फोटोंचं कार्ड आणा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती मिमीवर होती ते, नोंदलेली असते. ती आपण सोबत बसून पाहू, म्हणजे तुम्हाला झूम खरंच किती लागतो ते कळेल.