खुराड्यात नाक खुपसा

पहिल्या पावसाळ्यात आमच्या खुराड्याला वास मारू लागला, तेव्हा कोंबड्या म्हटल्यावर वास यायचाच, असे म्हणून मी सोडून दिले. शेजारच्या काकी दाराशी वाकल्या, एकदाच हुंगले आणि म्हणाल्या, “कोंबडीला कसला वास? हा ओलीचा वास.” तेव्हा ते पटले नाही. आषाढ संपेपर्यंत वीसपैकी नऊ पिल्ले गेली, मग पटले.

चूक बांधणीतच होती. एप्रिलच्या कोरड्या जमिनीवर मी चारी बाजूंनी पत्रा ठोकून एक घट्ट पेटी उभी केली होती. फोटोत दिसणारी देखणी लाकडी खुराडी बर्फाच्या मुलखातली असतात, तिथे थंडी अडवायची असते. डिचोलीत कुठली थंडी? गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. इथल्या खुराड्याला छप्पर हवे ते मोठे, भिंती हव्यात त्या नावापुरत्या.

वास कुठून येतो ते आधी पाहू. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. अंगातला नको असलेला नायट्रोजन ती यूरिक आम्लाच्या रूपात शिटेबरोबरच टाकते. शिटेवरचा पांढरा लेप म्हणजे तेच. कोरडे राहिले तर ते निमूट पडून राहते. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग अमोनिया झाला, तरी कोंबडीच्या श्वासनळीतले बारीक केस दुबळे होतात. धूळ आणि रोगजंतू बाहेर लोटणारे हेच केस. म्हणजे पावसाळ्यात ‘सर्दी झाली’ म्हणून आपण औषध शोधत फिरतो, तेव्हा आजाराचे मूळ बरेचदा पायाखाली पसरलेल्या भाताच्या तुसात असते.

तुमचे नाक इथे उपयोगाचे आहे, पण पहिल्याच मिनिटाला. नंतर त्याला सवय होते आणि ते खोटे बोलू लागते. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या उकिडवे बसा, कोंबडीच्या उंचीला डोके न्या आणि हुंगा. डोळे चुरचुरले तर उशीरच झाला आहे.

ओल फक्त पावसाची नसते, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. अंड्यांवर आलेली एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर शीट टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. शिवाय श्वासातून वाफ जाते ती वेगळी. बारा कोंबड्या रात्रभर बंद पेटीत ठेवल्या, तर पाऊस नसतानाही पहाटे पत्र्याला आतून थेंब लटकलेले दिसतील. मी दिवा लावून पाहिले आहे.

आताचे खुराडे असे आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचा दोन फूट उंच चौथरा, त्यावर बारा पाखरांसाठी सहा फूट बाय चार फुटांची जागा. म्हणजे एकेकीच्या वाट्याला दोन चौरस फूट. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना रात्रीपुरते तेवढे पुरते. जून ते सप्टेंबर वारा-पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार आणि मोकळी बाजू पूर्वेला. पश्चिमेला जाळीच आहे, पण तिच्यावर पावसाळ्यात माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधतो आणि ऑक्टोबरात सोडतो. वळचण तिन्ही बाजूंना दोन फूट पुढे काढली आहे. छपराला नळे, म्हणजे कौले, मिळाली तर उत्तम. पत्राच असेल तर उन्हाळ्यात वर चुडते अंथरा, नाहीतर मे महिन्यात दुपारी अंडी द्यायला आत गेलेली कोंबडी भाजून निघेल.

आत बसायला दांडी हवी, प्रत्येकीला वीतभर जागा मिळेल इतकी लांब. बारीक काठी नको, दोन इंचांचा, कडा तासलेला रिप बरा. दांडीखाली फळी किंवा जुने गोणपाट टाका. रात्रीची शीट तिथेच पडते आणि सकाळी ती उचलून थेट माडाच्या आळ्यात जाते. माझ्या मते सगळ्या खुराड्यात ही फळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणाची. गावठी कोंबडी कितीही उंच दांडीवर चढते. वनराजासारख्या जड जातीला मात्र दांडी गुडघ्याइतकीच ठेवा, उंचावरून उडी मारून त्यांचे पाय दुखावतात.

जमिनीवर भाताचा तूस चार बोटे जाड पसरावा आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करावा. मूठभर उचलून दाबून बघा. मूठ उघडल्यावर तो सुटून पडला तर ठीक. लाडू वळला तर तेवढा भाग काढून कोरडा घाला. ओल्या तुसावर चुलीतली राख टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. मीही टाकत असे. पण राख अल्कधर्मी असते, आणि तूस जितका अल्कधर्मी तितका अमोनिया जोरात सुटतो. राख ठेवावी ती वेगळ्या कोपऱ्यात, धुळीत लोळायला. उवा-पिसवांवर कोंबड्यांचा तोच उपाय.

माझी पिल्ले मात्र अमोनियाने मेली नव्हती. शिटेत रक्त होते. हा कॉक्सिडिओसिस, आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा आजार. त्याची अंड्यांसारखी बीजे शिटेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, मग दाणे टिपताना पिल्लांच्या पोटात जातात. कोरड्या तुसात ती अडून राहतात. औषध आहे, पशुवैद्य देतात, पण मी आता पिल्ले शक्यतो दिवाळीनंतरच काढतो. खुडूक कोंबडी ज्येष्ठात रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसायला बघते, तेव्हा तिची समजूत घालावी लागते. पुढचे 21 दिवस आणि त्यानंतरचा महिना तिला पावसातच काढायचा असतो, हे तिला कुठे ठाऊक!

उन्हाळ्यात ओल वेगळ्या वाटेने त्रास देते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते आणि जादा उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून, घशातले पाणी हवेत सोडून घालवते. मे महिन्यात आपली हवाच इतकी दमट की ते पाणी लवकर उडत नाही, म्हणून ती अजून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि अंड्याचे कवच ज्या कार्बोनेटचे बनते त्याची तूट पडते. पातळ कवचाची, हातात फुटणारी अंडी उन्हाळ्यात का मिळतात, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण कॅल्शियम. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे. पावडर दिली तर ती संध्याकाळपर्यंत पोटातून पुढे सरकते. खडे दिले तर ते पेषणीत अडकतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. इथे गोवेकराला बाजारात जायचे कारणच नाही. तिसऱ्या, खुबे, कालवे खाऊन झाले की शिंपल्या धुवा, मीठ जाऊ द्या, उन्हात वाळवा आणि तांदळाएवढ्या ठेचून वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला हव्यात ती आपणहून खाते, कोंबडा ढुंकूनही बघत नाही. खारवलेल्या माशांचे उरलेसुरले मात्र कधीच टाकू नये, कोंबडीला जादा मीठ मारक ठरते.

मुंगूस, उदमांजर, अजगर यांच्याबद्दल प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, मी माझी सांगत नाही. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, कडी अशी लावा की ती ढकलून उघडणार नाही. अजगर आणि घोरपड यांना कायद्याचे संरक्षण आहे. आत सापडले तर काठी न उचलता वनखात्याला फोन करावा.

राहिली मानमोडी, म्हणजे रानीखेत. खुराडे कोरडे राखले तरी ती टळत नाही, तिला लसच हवी. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस डोळ्यात थेंबभर, चार आठवड्यांनी पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी ही दुसरी लस टोचून. या लसींत जिवंत विषाणू असतो, उन्हात नेल्या की तो मरतो आणि आपण नुसते पाणी टोचतो. बर्फाच्या थर्मासात आणा. बाटली बहुधा शंभर मात्रांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांतच वापरायची असते, म्हणून वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी एकाच सकाळी सगळी पाखरे डालग्याखाली झाकून ठेवली तर पैसे वाचतात आणि रोगाला शेजारूनही वाट राहत नाही.

आमच्या पहिल्या कळपात एक पिंगट तलंग, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेली कोंबडी, होती. त्या पत्र्याच्या पेटीत ती एकही रात्र राहिली नाही. दिवेलागणीला पळायची आणि मागच्या फणसावर चढून बसायची. मी शिडी लावून तिला खाली आणायचो, ती पुन्हा वर. सत्तरीच्या रानातला राखी रानकोंबडाही रात्री झाडावरच बसतो: वर पानांचे छप्पर, चारी बाजूंनी वारा, शीट खाली लांब. चौथरा बांधून झाल्यावर तिसऱ्या संध्याकाळी ती आपण होऊन जाळीच्या दारातून आत आली आणि सगळ्यांत वरची जागा धरून बसली. एप्रिल-मेमध्ये अजूनही फणसावर जाते. मी शिडी काढत नाही.