हॉरिझॉन्टल सिच्युएशन इंडिकेटर (एचएसआय)

हॉरिझॉन्टल सिच्युएशन इंडिकेटर, म्हणजेच एचएसआय, हे विमानाचे हेडिंग (नाक ज्या दिशेला आहे ती दिशा) आणि ठरलेल्या मार्गापासूनचे विचलन एकाच तबकडीवर दाखवणारे उपकरण आहे. साध्या कॉकपिटमध्ये हेडिंग एका तबकडीवर दिसते आणि व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राची, सुई दुसरीवर. दोन्हींची सांगड वैमानिकाला मनातल्या मनात घालावी लागते, आणि ढगात उडताना गफलत होते ती इथेच. एचएसआयमध्ये ही सांगड आयती मिळते.

तबकडीकडे वरून पाहिलेले दृश्य म्हणून बघावे. मधोमध विमानाची आकृती स्थिर असते आणि तिच्याभोवती अंशांची चकती फिरते. वरच्या खुणेखाली, म्हणजे लबर लाइनखाली, येणारा आकडा हे हेडिंग. नॉब फिरवून कोर्सचा, म्हणजे ठरलेल्या मार्गाच्या दिशेचा, बाण हव्या अंशावर लावतात. या बाणाचा मधला तुकडा सुटा असतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. तो तुकडा, म्हणजे पट्टी, हा मार्ग; आकृती म्हणजे आपले विमान. छोटा त्रिकोण व्हीओआर केंद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगतो.

समजा कोर्स 030 लावला आहे, हेडिंग 360 आहे आणि पट्टी उजवीकडे सरकली आहे. विमान मार्गाच्या डावीकडे आहे आणि आणखी दूर चालले आहे, हे हिशेब न करता दिसते. उजवीकडे वळून 075 धरले की विमान 45 अंशांत मार्ग छेदायला निघते. पट्टी मध्याकडे सरकू लागली की तिचे टोक लबर लाइनखाली राहील असे हळूहळू डावीकडे वळत जावे. विमान मार्ग न ओलांडता त्यावर अलगद येऊन बसते. उजवीकडून वारा असेल तर पट्टी मध्यावर राहूनही बाण किंचित डावीकडे कललेला दिसतो. हा कल म्हणजेच वाऱ्यासाठी केलेली दुरुस्ती.

पट्टी अंतर दाखवत नाही, कोन दाखवते. व्हीओआरवर पूर्ण विचलन, म्हणजे पट्टी कडेपर्यंत जाणे, 10 अंशांचे असते: केंद्रापासून 60 सागरी मैलांवर सुमारे 10 मैल, 6 मैलांवर जेमतेम एक. लोकलायझरवर, म्हणजे धावपट्टीच्या मध्यरेषेची दिशा देणाऱ्या रेडिओ सिग्नलवर, तेच सुमारे अडीच अंश असल्याने धावपट्टीजवळ पट्टी फार चपळ होते.

लोकलायझरचा सिग्नल नॉबने बदलत नाही, चित्र मात्र बदलते. त्यामुळे मागच्या बाजूने, म्हणजे बॅक कोर्सवर, येतानाही बाण पुढच्या बाजूच्या कोर्सवरच ठेवावा. मग पट्टी असेल त्या बाजूला वळणे बरोबर ठरते. बाण उलटा लावला तर इतके चांगले उपकरणही चुकीच्या बाजूला वळवते.

साधा हेडिंग इंडिकेटर भरकटतो, म्हणून साधारण दर 15 मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवावा लागतो. बेंडिक्स किंगच्या केसीएस 55ए सारख्या संचात इंजिनापासून दूर बसवलेला फ्लक्स व्हॉल्व्ह पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ओळखून चकती सतत दुरुस्त करतो. तरीही उड्डाणापूर्वी ती होकायंत्राशी ताडून पाहावीच. नॅव्हचा, म्हणजे दिशादर्शक सिग्नलचा, इशारा देणारा ध्वज दिसला तर पट्टीवर विसंबू नये. हेडिंगचा ध्वज दिसला तर चकती सोडून होकायंत्र पाहावे. सिग्नल चांगला असेल तर पट्टी लावलेल्या कोर्सपासूनचे विचलन तेव्हाही बरोबर दाखवते, पण तबकडीवरचे एकसंध चित्र आता खरे राहिलेले नसते.