फाइल डिस्क्रिप्टर चुकून बंद होण्यापासून संरक्षण

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत प्रोग्रामने उघडलेली फाइल, सॉकेट किंवा पाइप एका लहान पूर्णांकाने ओळखली जाते. त्याला फाइल डिस्क्रिप्टर, बोलताना एफडी, म्हणतात. प्रोग्रामच्या एका भागाच्या ताब्यातला हा क्रमांक दुसऱ्याच भागाने बंद करू नये आणि केलाच तर चूक जागीच पकडली जावी, यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंत्रांची ही नोंद आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आणि आयटी पार्कांत महिनोन्‌महिने चालणाऱ्या सेवा सांभाळणाऱ्यांकडे हा दोष क्वचितच खऱ्या नावाने येतो. तक्रार येते ती ‘लॉग मध्येच थांबला’ किंवा ‘डेटाबेसचं कनेक्शन आपोआप तुटलं’ अशी.

मूळ कारण पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या समाईक मानकाच्या एका नियमात आहे: नवी फाइल उघडताना मोकळ्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांकच द्यायचा. समजा, महापे येथील एका कार्यालयातल्या बिलिंग सेवेत पहिला थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा धागा) एफडी ७ बंद करतो. लगेच दुसरा थ्रेड डेटाबेसकडे सॉकेट उघडतो आणि त्याला ७च मिळतो. पहिल्या थ्रेडच्या एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये ‘क्लोज ७’ पुन्हा लिहिलेले असेल, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, निमूटपणे डेटाबेसचे सॉकेट बंद करतो आणि शून्य, म्हणजे यश, परत देतो. एरर येते दुसऱ्या थ्रेडला. त्याच्या कोडमध्ये मात्र काहीच चुकलेले नसते. एवढ्यात तिसऱ्या थ्रेडने ७वर एखादी फाइल उघडली, तर डेटाबेसला पाठवायची क्वेरी त्या फाइलमध्ये लिहिली जाते. ठाणे स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये जुन्या टोकनावर दुसऱ्याचीच स्कूटर काढून दिली जावी, तसा हा प्रकार आहे. एकाच थ्रेडमध्ये लागोपाठ दोनदा क्लोज केल्यास फक्त ‘ईबॅडएफ’ (असा एफडी उघडाच नाही) एरर येते आणि ती सहसा कोणी तपासत नाही. म्हणूनच लॅपटॉपवर निर्धोक वाटणारा कोड लोड वाढल्यावर कोसळतो.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. एफडीओपन फंक्शनने एफडीभोवती स्ट्रीम, म्हणजे वाचन-लेखनाचे आवरण, तयार केल्यावर ती स्ट्रीम बंद करणारा एफक्लोज तो एफडीही बंद करतो, तरी शेवटी वेगळा क्लोज राहून जातो. क्लोजने ‘ईआयएनटीआर’ (सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबला) दिल्यावर तो पुन्हा करणे ही लिनक्सवर चूकच आहे, कारण तिथे क्रमांक तोवर सुटलेला असतो. डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारी सेवा, सुरू होताना ३ ते १०२३ सरसकट बंद करणारी जुनी लूप लायब्ररीने आधीच उघडलेले एफडीही मारते. सर्वांत फसवी चूक शून्याची. स्ट्रक्चर शून्याने भरले की त्यातला एफडीही ० होतो आणि साफसफाईत स्टँडर्ड इनपुट बंद होते. त्यामुळे ‘उघडलेले नाही’ यासाठी नेहमी उणे १ ठेवावे. क्लोजनंतरही व्हेरिएबलमध्ये उणे १ घालावे. मात्र तोच आकडा दुसरीकडे कॉपी झाला असेल, तर याचा उपयोग नाही.

०, १, २ (स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर) हे क्रमांक मोकळे पडणे विशेष घातक. २०१३मध्ये फॉसिल या व्हर्जन कंट्रोल प्रणालीच्या स्वतःच्याच रिपॉझिटरीचा डेटाबेस असाच बिघडला. एफडी २ आधीच बंद झाल्याने डेटाबेस त्याच क्रमांकावर उघडला गेला आणि पुढे एका असर्टचा (कोडमधल्या गृहीतकाच्या तपासणीचा) एरर संदेश थेट डेटाबेसमध्ये लिहिला गेला. फॉसिलचा डेटाबेस सांभाळणारी एसक्यूलाइट लायब्ररी ३.८.१ आवृत्तीपासून ३पेक्षा लहान क्रमांकावर डेटाबेस उघडत नाही.

आकड्याला मालक नसतो. संरक्षणाच्या पद्धती तो जोडून देतात. अँड्रॉइड १०मध्ये (२०१९) आलेले एफडीसॅन हे तपासणी साधन प्रत्येक एफडीसोबत ६४ बिटांचा टॅग ठेवते. त्यातले वरचे ८ बिट मालकाचा प्रकार सांगतात, उरलेल्यांत बहुधा मालक ऑब्जेक्टचा पत्ता असतो. टॅग न जुळता क्लोज झाल्यास अँड्रॉइड १० इशारा देते, अँड्रॉइड ११पासून मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसच थांबते. हे कठोर वाटले तरी योग्य आहे, कारण स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे फंक्शन कॉलच्या साखळीच्या नोंदीत, चुकीचा क्लोज करणारा दिसतो, त्याचा फटका बसलेला नव्हे. ॲपलच्या प्रणालींत ही राखण कर्नलमध्येच आहे: गार्ड लावलेला एफडी साध्या क्लोजने बंद करू पाहिल्यास ‘ईएक्ससी गार्ड’ एक्सेप्शन येते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने १.६३ आवृत्तीत (२०२२) ‘ओन्ड एफडी’ आणि ‘बॉरोड एफडी’ असे दोन प्रकार दिले. उसना घेतलेला एफडी संपला तरी फाइल बंद होत नाही. सी++मध्ये हेच काम कॉपी करता न येणारा, फक्त मूव्ह होणारा क्लास करतो.

लिनक्सच्या साध्या सर्व्हरवर असे कवच आयते मिळत नाही. तिथे एसट्रेस या सिस्टम कॉल नोंदवणाऱ्या साधनाने सगळ्या थ्रेडांचा माग ठेवून ओपनॲट, सॉकेट, ॲक्सेप्ट, ड्युप आणि क्लोज एवढेच कॉल नोंदवावेत, सोबत क्रमांकापुढे फाइलचा मार्ग छापणारा पर्याय लावावा. मग ज्या क्लोजपुढे अनपेक्षित मार्ग दिसतो, तिथून शोध सुरू करावा. व्हॅलग्रिंड हे चुका शोधणारे साधन ३.२१पासून दुहेरी क्लोज दाखवते, पण त्याखाली प्रोग्राम इतका मंदावतो की थ्रेडांमधली नेमकी शर्यत कधीकधी घडतच नाही. एफडीची प्रत ठरावीक क्रमांकावर करणाऱ्या ड्युप२कडेही लक्ष हवे: लक्ष्य क्रमांक आधी उघडा असेल तर तो ड्युप२ आपणहून बंद करते, आणि कोडमध्ये ‘क्लोज’ शोधून ती जागा सापडत नाही.