निसेकोत एवढा बर्फ येतो कुठून?

हिवाळा आला की जपानमधल्या निसेको या स्कीइंगच्या ठिकाणाचे रील्स सुरू होतात. कोणीतरी कमरेएवढ्या बर्फातून स्कीइंग करत येतंय, आणि खाली ठरलेली कमेंट, "बापरे, किती थंडी असेल तिथे!"

थंडी आहेच हो, पण नुसत्या थंडीने बर्फ पडत असता तर सगळ्यात जास्त दक्षिण ध्रुवावर पडला असता. तिथे मात्र वाळवंटाइतकाच कमी पडतो, कारण हवा जितकी गार तितकी तिच्यात वाफ कमी. ३० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. मग पडणार काय?

निसेको जपानच्या होक्काइदो बेटावर, साधारण ४३ अंश उत्तरेला आहे, म्हणजे फ्रान्सच्या मार्सेच्याच आसपासचा अक्षांश. मुख्य डोंगर आन्नुपुरी, उंची फक्त १,३०८ मीटर. तरी सीझनमध्ये १४-१५ मीटर बर्फ पडतो. (ही रोजच्या बर्फाची बेरीज आहे, एका वेळी एवढा थर कधीच साचत नाही, पण जाहिरातवाले हे सांगत नाहीत.)

हे सगळं पाणी पुरवतो जपानचा समुद्र. सायबेरियावरून कोरडी, कडाक्याची गार हवा निघते आणि शेकडो किलोमीटर या समुद्रावरून येते. त्सुशिमा नावाच्या उबदार प्रवाहामुळे तो समुद्र ऐन हिवाळ्यातही शून्याच्या वरच असतो, त्यामुळे हवा खालून तापते, वाफ घेते, वर चढते, ढग होतात. सॅटेलाइट फोटोत या ढगांच्या समांतर रांगा स्पष्ट दिसतात. किनाऱ्यापासून जवळच हे डोंगर, हवा आणखी वर ढकलली जाते आणि सगळा माल तिथेच उतरतो.

आता माझा आवडता भाग. ढगात उणे १५ अंशालाही बरंचसं पाणी द्रवच असतं, कारण गोठायची सुरुवात करून द्यायला धुळीसारखा योग्य कण लागतो आणि तसे कण कमी असतात. या तापमानाला पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब (हवा वाफेने पूर्ण भरली की त्या वाफेचा दाब) सुमारे १.९१ हेक्टोपास्कल आणि बर्फावरचा १.६५, म्हणजे जी हवा थेंबाच्या हिशेबाने जेमतेम भरलेली आहे तीच बर्फाच्या कणाच्या हिशेबाने १५-१६ टक्के जादा भरलेली. मग वाफ बर्फावर जमत राहते, हवेतली वाफ घटते, ती भरून काढायला थेंब आटतात आणि बर्फाचा कण वाढतो. एका विहिरीचा उपसा वाढला की शेजारची आटते, तसंच. वाढ इतकी झपाट्याने होते की स्फटिकाचे सहा कोपरे पुढे पळतात, त्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. असे स्फटिक एकमेकांवर नीट बसत नाहीत, मधे हवा अडकते, आणि ताज्या पावडरमध्ये, म्हणजे अशा भुसभुशीत हलक्या बर्फात, ९० टक्क्यांहून जास्त जागा हवेचीच असते. उणे ५ च्या आसपास मात्र सुया नाहीतर स्तंभ बनतात, त्यांची अशी पावडर होत नाही.

तापमान आणि आर्द्रतेवर आकार कसा ठरतो हे उकिचिरो नाकाया यांनी होक्काइदो विद्यापीठातच शोधलं, १९३६ मध्ये त्यांनी सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला होता. तेव्हा पाण्याशी गोड बोललं की सुंदर स्फटिक होतात वगैरे फॉरवर्ड आले तर सरळ डिलीट करा. स्फटिकाला थर्मामीटर कळतो, स्तुती नाही.

जायचं असेल तर पावडरसाठी जानेवारी बेस्ट. पण झाडांमध्ये एकटं शिरू नका, बुंध्याभोवती हा भुसभुशीत बर्फ खड्डा झाकून ठेवतो, त्यात उलटं पडलं की स्वतःहून निघणं फार अवघड आणि गुदमरून जीवही जातो. स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेर फक्त ठरलेल्या गेटमधूनच जाता येतं, गेट बंद असेल तर दोरी ओलांडायची नाही. आणि समोरच्या योतेई ज्वालामुखीचा निळ्या आकाशातला फोटो हवा असेल तर जानेवारीत फार आशा धरू नका, सायबेरियाचा वारा चालू आहे तोवर ढगही चालूच. त्यासाठी मार्च बरा, तेव्हा त्या वाऱ्याचा जोर ओसरायला लागलेला असतो, फक्त बर्फ तोवर जड झालेला असतो.